बाकावर बसून राहिलो ते वर्ष

आमच्या ख्रिस्ती मंडळीत नवे पाळकसाहेब आले ते नगरकडून, मोटारसायकलवर, मागच्या सीटला गॅसचा सिलिंडर बांधून. महिन्याभरात त्यांनी माझ्या गोडाउनमधून एक जुनं लिहायचं टेबल नेलं. मी जो भाव सांगितला तो त्यांनी निमूटपणे दिला. मला माणूस जरा कच्चा वाटला.

लेंट सुरू झाला. ईस्टरच्या आधीच्या त्या चाळीस दिवसांत आमच्याकडे दर शुक्रवारी संध्याकाळी उपासना असते. आधीचे पाळक पहिल्या शुक्रवारी हमखास उपासाबद्दल बोलायचे. मग कुणी मटण सोडायचं, कुणी चहा, आणि ईस्टरला सगळे दुपटीनं वसूल करायचे. ह्यांनी पुलपिटवर उभं राहून एवढंच विचारलं, "आज दुपारचं जेवण किती जणांनी बसून केलं?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. मी स्वतः गोडाउनमध्ये उभ्यानं जेवलो होतो. डबा एका कपाटावर उघडा, एका हातात पोळी, दुसऱ्या हातात फोन, आणि पलीकडे एका सॉफ्टवेअर कंपनीचा खरेदी बघणारा मुलगा.

पाळकसाहेब म्हणाले, "ह्या वर्षी काही सोडू नका. स्वतःला पारखा. पहिल्या आठवड्यात शरीर, मग काम, मग घर, मग प्रार्थना. घरी जाऊन आपल्या माणसासमोर बसा आणि स्वतःला दहापैकी गुण द्या. ऐकणाऱ्याला ते पटले नाहीत तर त्यानं तसं सांगावं. कागदावर मात्र लिहू नका. लिहायला बसलं की माणूस अक्षर सुधारतो."

दहापैकी म्हटल्यावर मी सावरून बसलो. उपदेश माझ्या डोक्यावरून जातो, पण आकडा आला की मला सगळं कळतं.

माझा धंदा जुन्या फर्निचरचा. गोडाउन मांजरीच्या रस्त्याला. जालन्याकडच्या एका मिशन बोर्डिंगमधून मी पुण्यात आलो तेव्हा नाना पेठेत हातगाडी ओढत होतो. पुढे दिवस असे आले की एकीकडे जुन्या कंपन्या बंद पडत होत्या, माणसांना स्वेच्छेनं निवृत्त व्हा म्हणून सांगत होत्या, आणि दुसरीकडे काचेच्या इमारती उठत होत्या. बंद पडलेल्यांची टेबलं, कपाटं, खुर्च्या मी उचलायचो. उघडणाऱ्यांना टेबलं लागायची, शिवाय चाकाच्या खुर्च्या. मधल्या खिंडीत मी उभा. तिकडची मुलं म्हणायची, "अंकल, बेस्ट प्राइस सांगा ना." मी विचारायचो, "बेस्ट कुणासाठी?" ह्या एका प्रश्नावर माझं घर उभं राहिलं. आणि माझ्या आवाजावर. माझा आवाज मोठा आहे, आणि तो आणखी मोठा व्हायला फारसं कारण लागत नाही.

त्या रात्री जेवण झाल्यावर बायको आणि मी समोरासमोर बसलो. बायको एका इस्पितळात सिस्टर. मुलगी अकरावीत होती, ती पुस्तक उघडून शेजारी बसली होती, पण पान उलटत नव्हती.

"शरीर," मी म्हणालो. "आठ."

"कुणाचं?" बायकोनं विचारलं.

"माझं. ताप नाही, खोकला नाही. अजून गोदरेजचं कपाट एका बाजूनं उचलतो."

"दोन."

"दोन? अगं, तुमच्या वॉर्डात सलाईन लावलेल्या माणसाला दोन मिळतील. सात."

"अहो, रक्तदाबाची गोळी खिशात घेऊन फिरता आणि घ्यायची विसरता. परवा ती धुण्यात निघाली. तुमच्याऐवजी शर्टाचा रक्तदाब उतरला. तीन."

"सहा. तुझ्या शब्दाखातर."

"चार. आणि रोज सकाळी कॅनॉलच्या कडेनं चालायचं. फोन घरी ठेवून."

"फोन कशाला घरी?"

"काल भाजी आणताना फोनवर असे ओरडलात की पुढं चालणाऱ्या दोघीजणी रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. मी मागून बघत होते."

मुलगी खो खो हसायला लागली. पाचावर तोडू म्हणून मी बराच जोर लावला, पण ती बाई चारावरून हलली नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला माझं सगळं तंत्र कळलं आहे. मी उठून जायचं नाटक केलं तर ती म्हणते, "जाताना दिवा बंद करा."

पुढच्या शुक्रवारी काम. त्यात तिनं आपण होऊन नऊ दिले. एक का कापला म्हणून विचारलं, तर म्हणाली, "रविवारी दुपारी कुलूप उघडून गोडाउनमध्ये बसता त्याचा." तिसऱ्या आठवड्यात घर. तेव्हा मुलीनं गुण दिले, सहा. म्हणाली, "दुपारी जेवायला घरी आलात तर सात." मी दुसऱ्या दिवसापासून घरी जाऊ लागलो. बसून जेवल्यावर माणसाला डुलकी येते हे मी विसरलोच होतो. वीस मिनिटं आडवा पडायचो. संध्याकाळी गिऱ्हाईक आलं की माझं डोकं थंड असायचं, आणि थंड डोक्यानं भाव जास्त चांगला मिळतो असं ध्यानात आलं. सकाळी कॅनॉलच्या कडेला बगळे असतात. इतकी वर्षं त्याच रस्त्यानं टेम्पोतून गेलो होतो, एकही दिसला नव्हता. चौथ्या शुक्रवारपर्यंत मी मोठा खुशीत होतो. पाळकसाहेब वाटले होते तितके कच्चे नव्हते.

चौथा आठवडा प्रार्थनेचा.

"नऊ," मी म्हणालो.

बायको दूध बघायला म्हणून आत गेली. दूध तर केव्हाच उतरवलं होतं.

मुलगी म्हणाली, "पप्पा, एक विचारू? झावळ्यांच्या रविवारी माझा दृढीकरणविधी आहे. ईस्टरला पहिलं प्रभुभोजन. तुम्ही तेव्हा पण बसूनच राहणार?"

आता ह्यामागची गोष्ट सांगायला हवी.

आमच्या देवळातले जुने सागवानी बाक वाळवीनं खाल्ले होते. वर्षभरापूर्वी कमिटीनं नवे घ्यायचं ठरवलं. मी ह्याच धंद्यातला, ह्याच मंडळीतला. मी वाट बघत राहिलो. एका रविवारी जाऊन बघतो तर नवे बाक लागलेले! कुठल्याशा शोरूममधून आणलेले. मला कुणी अवाक्षरानं विचारलं नव्हतं. बरं, तेवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण कमिटीचे सेक्रेटरी, एका शाळेचे निवृत्त हेडमास्तर, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणतात, ते मीटिंगमध्ये म्हणाले होते म्हणे, "त्यांना विचारलं तर देवळात बाजार भरेल." कमिटीतल्या एकानं मला हे जसंच्या तसं सांगितलं.

बाजारच. ज्या बाजारातून मी वर आलो आणि देवळाला दरवर्षी कापणीच्या सणाला पोतं पोतं धान्य देत आलो, तो बाजार.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. त्याआधी पाळक सगळ्यांना सांगतात की स्वतःला पारखून पाहा, भावाबद्दल मनात काही असेल तर आधी मिटवा आणि मग मेजाजवळ या. बहुतेक लोक त्या वेळात खिशातली गीतांची चिठ्ठी शोधतात. मी मात्र त्या महिन्यात खरोखर पारखून पाहिलं. राग होता. चांगला भरीव होता. तेव्हा मी बसून राहिलो.

आमच्याकडे रांगेनं पुढं जातात, कठड्यापाशी गुडघे टेकतात. भाकरीचा तुकडा मिळतो, मग लहान पेल्यातला द्राक्षरस. माझ्या बाकावरचे सगळे उठले, मी गुडघे आत घेऊन त्यांना वाट दिली. बायको माझ्यासमोरून गेली तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

मला वाटलं होतं, पुढच्या महिन्यात कुणीतरी येईल. बाजाराचा नियम आहे, माल धरून गप्प बसलं की समोरचा चालत येतो. गप्प बसण्यासारखं हत्यार नाही. दुसरा महिना गेला. तिसरा गेला. मी दर वेळी प्रामाणिकपणे पारखत होतो आणि दर वेळी राग जागेवर होता. मेजाजवळ खोटेपणानं जायचं नाही, हे मला बोर्डिंगमध्येच शिकवलेलं. ह्यात मी चुकलो असं मला आजही वाटत नाही.

कमिटीचं कुणी आलं नाही, पण लोक मात्र माझ्याशी फार प्रेमानं वागायला लागले. पुढच्या बाकावरच्या एक म्हाताऱ्या बाई दर महिन्याला माझा हात दाबून विचारायच्या, "आता कसं आहे?" मी म्हणायचो, "आहे तसंच आहे." त्या मान हलवायच्या. एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, रोज सकाळी कारल्याचा रस घ्या, फार फरक पडतो. मला वाटलं, रागावरचा काही गावठी उपाय असेल. मनातून बरं वाटलं की मंडळीत माझ्या बाजूचे इतके लोक आहेत.

असं जवळजवळ वर्ष काढलं होतं. आणि आता मुलगी विचारत होती.

"बघू," मी म्हणालो.

"बघू नको पप्पा. सगळ्यांचे आईवडील दोन्हीकडे असतात. माझी एक बाजू रिकामी राहील."

तिनं पुस्तक मिटलं आणि झोपायला गेली. मी भावात कधी हरत नाही असं नाही, पण ही मुलगी भावच करत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वानवडीला सरांच्या घरी गेलो. मिटवायला नव्हे. वर्षभर मी बसलो त्याचा हिशेब मागायला.

"सलाम, सर."

"सलाम. या बंधू. चप्पल बाहेर, तक्रार आत."

"तक्रार आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"आपण गेट उघडलंत त्या आवाजावरून."

सरांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. त्यांनी शाळेत गाणं शिकवलं होतं, आता महिला मंडळ चालवत होत्या. माझ्यासमोर कप ठेवून म्हणाल्या, "तुमच्यात साखर घातली नाही हं."

"का? मला चालते साखर."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"कधीपासून?" सरांनी विचारलं.

"जन्मापासून!"

"पण तुम्हाला मधुमेह आहे ना?" बाई म्हणाल्या.

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगितलं म्हणजे... सगळ्यांनाच माहीत आहे. द्राक्षरस आम्ही काळ्या मनुका उकळून करतो, त्यात साखर असते. तुम्ही वर्षभर मेजाजवळ येत नाही. शिवाय तुमची बायको सिस्टर. आम्ही म्हटलं, तिनंच बंद केलं असणार."

मी हातातला कप खाली ठेवला.

"बाई, मला रक्तदाब आहे. साखर नाही. आणि मी येत नाही तो ह्यांच्यामुळे."

सरांनी चष्मा काढून पुसला. "माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे! बाकांवरून! 'देवळात बाजार भरेल' म्हणालात त्यावरून! वर्षभर सगळ्या मंडळीसमोर मी बसून राहतोय, तुम्हाला एकदाही वाटलं नाही की हा माणूस का बसलाय ते विचारावं?"

"विचारायचं काय? आजाराबद्दल विचारणं शिष्टाचाराला धरून नसतं."

बाई मात्र माझ्याकडे बघतच राहिल्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मी दर महिन्याला तुमच्यासाठी एक पेला वेगळा करते. बिनसाखरेचा. ट्रेच्या कडेला ठेवते, पाळकसाहेबांना सांगून ठेवलंय. म्हटलं, कधीतरी याल, तर तुमचं अडायला नको. आणि दर बुधवारी महिला मंडळात तुमच्यासाठी प्रार्थना असते."

"कसली?"

"साखर उतरावी म्हणून."

"उतरली," सर म्हणाले. "प्रार्थना ऐकली गेली."

वर्षभर मी जिथं माझा राग दाखवायला बसत होतो, तिथं पुढं मेजावर माझा पेला दर महिन्याला भरून तयार होता, आणि उपासना संपल्यावर तो तसाच परत जात होता. पण राग काही असा एकदम जात नाही. निदान माझा तरी नाही.

"ते ठीक आहे," मी म्हणालो. "बाजाराचं काय?"

"बोललो मी ते."

"का बोललात?"

"खरं आहे म्हणून. बंधू, आपल्याला विचारलं असतं तर आपण काय केलं असतंत? खरं सांगा."

"फुकट दिले असते! देवाच्या घराला मी पैसे घेतले असते काय?"

"तेच. फुकट दिले असतेत. मग दर रविवारी आम्ही बाकावर नाही, आपल्यावर बसलो असतो. ह्याचा पाय बघा, हे लाकूड बघा, मी दिलं. चाळीस वर्षं."

मी उठून उभा राहिलो. काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. बाईंनी खिडकी लावून घेतली. सर खुर्चीत तसेच बसून होते, दोन्ही हात मांडीवर. माझं संपल्यावर ते वेगळ्याच आवाजात म्हणाले, "विचारायला हवं होतं. विचारून नाही म्हणायला हवं होतं. ते मला जमलं नाही. मला आपल्या आवाजाची भीती वाटते."

बोर्डिंगमध्ये असताना हेडमास्तर व्हरांड्यातून नुसते चालत गेले तरी आम्ही भिंतीला चिकटायचो. आज एक हेडमास्तर मला हे सांगत होते. मी खाली बसलो. चहा गार झाला होता, बिनसाखरेचा होता, तरी प्यायलो, काहीतरी करायला हवं होतं म्हणून.

"माफी मागा," मी म्हणालो. आवाज जमेल तितका खाली आणून.

"अर्धी मागतो. न विचारल्याची. बोललो त्याची नाही."

"पाऊण."

"अर्धी. हेडमास्तर आहे मी, घासाघीस करत नाही."

"मग मीही अर्धाच राग सोडीन."

"सोडा. उरलेल्याचं काय करणार?"

"तो माझ्याकडे राहील."

"आपली मर्जी," सर म्हणाले. "आता ह्यांना साखरेचा चहा दे गं. बंद नसताना बंद होती बिचाऱ्यांची."

परत येताना मी पाळकसाहेबांकडे गेलो. अंगणात ते मोटारसायकल धूत होते. झालं ते सगळं सांगून मी सरळ विचारलं, "अर्धा राग घेऊन मेजाजवळ येता येतं का?"

त्यांनी नळ बंद केला. "पूर्ण राग घेऊन वर्षभर बाकावर बसलात, त्यानं तो कमी झाला?"

"नाही."

"मग अर्धा घेऊन या. उरलेल्याचं तिथं बघू."

"शास्त्रात बसतं का हे?"

"काका, तुम्ही मला विकलेल्या टेबलाचा एक खण अजून उघडत नाही. तरी मी रोज त्याच्यावर उपदेश लिहितो."

दुसऱ्या दिवशी जाऊन खण दुरुस्त करून दिला. पैसे घेतले नाहीत आणि कुणाला सांगितलंही नाही. आता सांगतोय तेवढंच.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. मधुमेहाचं ऐकून ती इतकी हसली की भिंतीला टेकून खाली बसली. मग डोळे पुसत म्हणाली, "इस्पितळात आपल्या मंडळीतल्या दोघीजणी मला विचारायच्या, साहेबांची साखर कशी आहे. मी मनात म्हणायचे, काही कळत नाही कुठून ऐकतात." आणि जरा वेळानं, "प्रार्थनेला पाच. घ्या, जास्त देते आहे." मी मुकाट्यानं घेतले.

ईस्टरला पहाटेची उपासना असते. बाहेर अंधार होता, आत मेणबत्त्या. आठवड्यापूर्वी दृढीकरणात बिशपसाहेबांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून तिला मंडळीत पक्कं करून घेतलं होतं. आज ती पांढऱ्या साडीत होती, निऱ्या आईनं पिनांनी बांधून दिलेल्या. आमच्या बाकाची पाळी आली तेव्हा तिनं मागं वळून बघितलं नाही. नुसती उभी राहून थांबली. मी उठलो. गुडघे आत घेऊन वाट देण्याची इतकी सवय झाली होती की पहिलं पाऊल कुठं टाकायचं ते क्षणभर कळेना.

कठड्यापाशी तिच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मी. पाळकसाहेबांनी भाकर दिली. मागून सर ट्रे घेऊन आले. कडेला एक पेला वेगळा ठेवलेला होताच. बाईंना सगळं माहीत होतं, तरी त्यांनी तो भरला होता. सरांनी ट्रे माझ्यासमोर धरला आणि छताकडे बघत उभे राहिले. मी कडेचा पेला उचलला. चांगलाच आंबट होता. शेजारी मुलीनं तिचा साखरेचा घेतला, आणि दुसऱ्या हातानं तिनं माझ्या बाहीचं टोक धरून ठेवलं होतं.

उरलेल्या अर्ध्या रागाचं तिथं काय झालं म्हणाल, तर काही झालं नाही. तो होता. पण मेजाजवळ गुडघे टेकून त्याच्याकडे बघितलं तर तेवढा मोठा दिसला नाही, एवढंच.

तेव्हापासून आमचं एक ठरून गेलं आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी जेवण आणि डुलकी झाल्यावर, मी वानवडीला जातो. कमिटीबद्दल, बाकांबद्दल, जे काही साचलं असेल ते मी सरांना सांगतो, ते मला सांगतात. पुष्कळदा आवाज चढतो. बाई खिडकी लावतात आणि दोन चमचे साखर घालून चहा करतात. गेल्या महिन्यात कमिटीनं देवळात नवे माईक घेतले, मला न विचारता. त्यावर आम्ही दोघं तासभर भांडलो. रविवारी मी मेजाजवळ गेलो. माईक मात्र महाग घेतले आहेत.